जगज्जेत्यांची शैली आणि यंत्राचा निवाडा

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या चौदाव्या आणि अखेरच्या डावात चीनच्या डिंग लिरेनने पंचावन्नाव्या खेळीला आपला हत्ती नको त्या घरात नेला. गुकेशने हत्तींची मारामारी केली, पाठोपाठ उंटांचीही मारामारी करणे भाग पाडले, आणि उरलेल्या प्याद्यांच्या झुंजीत पराभव अटळ आहे हे दिसताच डिंगने डाव सोडला. चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेता झाला. गॅरी कास्पारोव्ह १९८५ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला होता. तो विक्रम मोडला. भारतात या विजयाचा जो आनंद झाला तो स्वाभाविकच होता. तथापि त्याच सुमारास बुद्धिबळाच्या जगातून एक निराळा सूरही ऐकू आला. एवढ्या मोठ्या सामन्याचा निकाल एवढ्या ढोबळ चुकीने लागावा हे खेळाला भूषणावह नाही, जुन्या जगज्जेत्यांच्या तोडीचा खेळ येथे झालाच नाही, असे काही जाणकारांनी बोलून दाखवले. त्यांत एका माजी जगज्जेत्याचाही समावेश होता.

या तक्रारीमागे एक गृहीत आहे, आणि ते आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा उच्चारही कोणी करीत नाही. ते असे की, पटावरील प्रत्येक स्थितीत एक सर्वोत्तम चाल असते, ती यंत्राला ठाऊक असते, आणि खेळाडूची योग्यता म्हणजे त्या चालीशी असलेली त्याची जवळीक. डाव पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडद्यावर एक आकडा सतत हलत असतो. तो शून्याजवळ असला की डाव बरोबरीचा. दोन-तीनच्या पुढे गेला की कोणीतरी चुकला. सिंगापूरच्या त्या अखेरच्या डावात तो आकडा बराच काळ शून्याच्या आसपास घुटमळत होता आणि पंचावन्नाव्या खेळीला एकदम उसळला. ज्याने फक्त आकडा पाहिला त्याला एकच घटना दिसली: डिंग चुकला.

ज्याने पट पाहिला त्याला दिसलेली हकिगत वेगळी आहे. गुकेशपाशी एक प्यादे अधिक होते; पण सर्व प्यादी पटाच्या एकाच बाजूला उरली असल्यामुळे पुस्तकी ज्ञानाप्रमाणे तो डाव बरोबरीत सुटायला हवा होता. गुकेशने बरोबरी पत्करली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांनी निकाल लागला असता, आणि त्या प्रकारात डिंगचे पारडे जड आहे असा सर्वसाधारण समज होता. गुकेशने घाई केली नाही, धोकाही पत्करला नाही. तो फक्त एकेक लहानसा प्रश्न विचारीत राहिला. डिंगच्या घड्याळातील वेळ कमी होत होता. शेकडो वेळा बरोबर उत्तर देणाऱ्या माणसालाही शेवटचे उत्तर द्यावेच लागते. डिंगची चूक ही केवळ डिंगची नव्हती. तिच्यात गुकेशचाही वाटा होता. यंत्राच्या आकड्यात हा वाटा दाखवण्याची सोय नाही.

हा भेद नीट ध्यानात न घेतल्यास जगज्जेत्यांच्या शैलीविषयीची सारी चर्चा निरर्थक ठरते. प्रत्येक स्थितीत एकच बरोबर चाल असेल आणि थोर खेळाडू ती शोधीत असतील, तर सर्व थोर खेळाडूंचा खेळ सारखाच दिसायला हवा. शैली म्हणजे मग निव्वळ उणीव. वस्तुतः ज्या ठिकाणी गणित संपते आणि तरीही चाल करावीच लागते, त्या ठिकाणी माणूस काय करतो यालाच शैली म्हणायचे. सर्व पर्याय तपासण्याइतका वेळ व बुद्धी कोणापाशीच नसते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हा मुद्दा नवा नाही. १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या हर्बर्ट सायमनने माणसाच्या मर्यादित विवेकशक्तीचा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या विवेचनात बुद्धिबळाचा दाखला वारंवार येतो. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधीत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय हाती येताच तो थांबतो. १९७३ साली विल्यम चेस यांच्या सहकार्याने सायमनने केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. प्रत्यक्ष डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकला तर निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवतो. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले तर त्याची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. याचा अर्थ त्याची स्मरणशक्ती अलौकिक नसते. त्याला आकार ओळखता येतात. आणि कोणते आकार कोणाच्या नजरेत भरतात, हे माणसागणिक बदलते.

या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक जगज्जेत्याविषयी एकच प्रश्न विचारण्याजोगा उरतो. अनिश्चितता टाळता येत नाही. मग त्याने कोणती अनिश्चितता पत्करली आणि कोणती प्रतिस्पर्ध्यावर लादली?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. ब्रेस्लाऊ येथे गणित शिकवणाऱ्या ॲडॉल्फ अँडरसनने १८५१ साली लंडनमध्ये किझेरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेरीस वजीरही देऊन उरलेल्या किरकोळ मोहऱ्यांनी मात केली. तो डाव 'अमर डाव' म्हणून आजही सांगितला जातो. हल्ला करणे हा त्या काळी सद्गृहस्थाचा धर्म होता आणि दिलेला मोहरा न घेणे हे भ्याडपणाचे लक्षण. विल्हेल्म स्टाइनिट्झ याच परंपरेत वाढला, १८६६ साली त्याने खुद्द अँडरसनला हरवले, आणि मग १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेपासून त्याने आपला खेळच बदलला. हल्ला हा हौसेचा विषय नसून तो अधिकार आहे. लहान लहान लाभ साठवून जो वरचढ झाला त्यालाच तो अधिकार प्राप्त होतो, हे त्याचे सूत्र. समकालीनांना हा खेळ कृपण वाटला, कुरूप वाटला. १८८६ साली झुकरटोर्टला हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला तेव्हाही ही कुरकुर थांबली नव्हती. बुद्धिबळात पहिल्यांदा बचतीचे शास्त्र आणणारा हा माणूस १९०० साली न्यूयॉर्कमध्ये अत्यंत दारिद्र्यात मेला, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे.

त्याला हरवणारा इमॅन्युएल लास्कर सत्तावीस वर्षे, १८९४ ते १९२१, जगज्जेता होता. इतका दीर्घ काळ हे पद कोणीही सांभाळलेले नाही. तो गणिती होता. बीजगणितातील एका महत्त्वाच्या सिद्धान्ताला आजही त्याचे नाव आहे. गणित्याने पटावर तरी शुद्ध सत्याचा पाठपुरावा करावा अशी अपेक्षा असणार. लास्करने नेमके उलटे केले. समोर पट नसून माणूस बसला आहे, ही गोष्ट त्याने कधी नजरेआड होऊ दिली नाही. १९१४ सालच्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत अखेरच्या टप्प्यात कापाब्लांका पुढे होता आणि लास्करला त्याच्यावर विजय हवाच होता. अशा वेळी कोणीही गुंतागुंतीची, धामधुमीची सुरुवात निवडील. लास्करने रुय लोपेझमधील ती शाखा निवडली, जिच्यात उंट देऊन घोडा घेतला जातो, वजिरांचीही लवकर मारामारी होते आणि डाव बहुधा निरुपद्रवी होतो. बरोबरीवर समाधान मानण्यास सिद्ध असलेल्या कापाब्लांकाला हे सोयीचेच वाटले असावे. पण त्या शाखेत काळ्याने स्वस्थ बसून चालत नाही. त्याच्याकडे दोन उंट असतात आणि त्यांचा जोरदार उपयोग केला तरच त्याचा खेळ टिकतो. ज्याला शांतता हवी त्यालाच आक्रमकपणे खेळण्याची गरज भासेल, असा तो पेच होता. थोड्याच वेळात लास्करचा घोडा काळ्याच्या छावणीत ठाण मांडून बसला आणि बेचाळिसाव्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी खचलेला कापाब्लांका टाराशकडूनही हरला, आणि लास्करने अर्ध्या गुणाने स्पर्धा जिंकली.

लास्कर जाणूनबुजून वाईट चाली करतो, असा एक तर्क पुढे रिचर्ड रेटीने मांडला आणि तो पुष्कळ वर्षे टिकून राहिला. आज त्याचे डाव तपासले तर तो तर्क खरा वाटत नाही. लास्करच्या चाली वाईट नव्हत्या. समोरच्या माणसाला त्या गैरसोयीच्या होत्या, एवढेच.

शैलींना नावे देण्याची आपल्याला हौस असते. अमुक आक्रमक, तमुक बचावात्मक, तिसरा अष्टपैलू. ही नावे फार विश्वासार्ह नसतात. १९२७ साली ब्युनोस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखाईन यांचा सामना झाला तेव्हा बहुतेकांनी गृहीत धरले होते की, आक्रमक अलेखाईन धडका देईल आणि कापाब्लांकाच्या निर्दोष तटबंदीवर त्या फुटतील. कापाब्लांका १९१६ ते १९२४ या काळात एकही डाव हरला नव्हता. अलेखाईनने त्याला त्यापूर्वी एकदाही हरवलेले नव्हते. सामना सुरू झाला आणि अलेखाईन धडका देईचना. चौतीस डावांपैकी बत्तीस डावांत 'क्वीन्स गॅम्बिट' नाकारण्याचा तोच तो बचाव, तीच ती सावध सुरुवात. सुमारे अडीच महिने हा प्रकार चालला. पंचवीस डाव बरोबरीत सुटले, सहा अलेखाईनने जिंकले, तीन कापाब्लांकाने. अखेरचा डाव ब्याऐंशी खेळ्यांचा होता.

कारण काय? अलेखाईनने कापाब्लांकाच्या डावांचा कसून अभ्यास केला होता. कापाब्लांकाला उत्तम चाल जणू आपोआप दिसे, आणि म्हणूनच ती दिसल्यावर पुढे खोदण्याचा कंटाळा तो करी. सोप्या स्थितीत ही देणगी अजिंक्य होती. पण ज्या स्थितीत पहिली दिसलेली चाल जवळजवळ बरोबर असते, पूर्ण बरोबर नसते, तेथे खोदणारा वरचढ ठरतो. अलेखाईनने कापाब्लांकाच्याच अंगणात, त्याच्याच आवडीच्या शांत डावांत, त्याच्यापेक्षा अधिक काबाडकष्ट केले. यापुढची गोष्ट कमी गौरवाची आहे. आव्हानवीराने दहा हजार डॉलर उभे करावेत अशी अट कापाब्लांकाने जगज्जेता असताना घातली होती. पुढे तीच अट अलेखाईनने त्याच्यापुढे ठेवली, आणि परतीचा सामना कधी झालाच नाही. दोन सर्वश्रेष्ठ समकालीनांमधला दुसरा सामना पैशाच्या आणि अहंकाराच्या वादात बुडाला, हे बुद्धिबळाचे मोठेच नुकसान म्हणावे लागेल. मधल्या काळात, १९३५ साली, अलेखाईनला हरवण्याचा पराक्रम ॲमस्टरडॅमच्या माक्स ऑयवे या गणिताच्या शिक्षकाने केला, आणि दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे परतीचा सामना खेळून त्याने पद गमावले. शब्द पाळणारा जगज्जेता म्हणून त्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

नावे किती फसवी असतात हे पाहण्यासाठी मिखाइल तालइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडणार नाही. १९६० साली मॉस्कोत तेवीस वर्षांच्या तालने अठ्ठेचाळीस वर्षांच्या बोट्विनिकला हरवले. त्या सामन्याच्या सहाव्या डावात तालने एकविसाव्या खेळीला आपला घोडा सरळ देऊन टाकला. प्रेक्षागृहात इतका गोंगाट झाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. बोट्विनिक हा विद्युत अभियंता, पद्धतशीर तयारीचा आद्य पुरस्कर्ता. त्याला त्या गुंत्यातून वाट सापडली नाही आणि तो हरला. डाव संपल्यानंतर विश्लेषकांनी दाखवून दिले की, नेमके उत्तर मिळाले असते तर पांढऱ्याचेच पारडे जड राहिले असते. आजचे यंत्र ते उत्तर पापणी लवायच्या आत सांगते. मग तालची चाल चूक होती काय? घोडा देताना सर्व फाटे आपल्याला मोजता येत नाहीत हे तालला ठाऊक होते. पण ते बोट्विनिकलाही मोजता येणार नाहीत, आणि अंधारात चालण्याची सवय दोघांपैकी कोणाला अधिक आहे, याविषयी त्याला शंका नव्हती. चाल घड्याळाच्या साक्षीने, माणसाविरुद्ध केलेली होती. त्या न्यायासनासमोर ती बरोबर ठरली.

यावर कोणी असे म्हणेल की, सत्य ते सत्यच. प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणावर उभारलेला विजय दुय्यमच मानला पाहिजे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बोट्विनिकची आयुष्यभराची भूमिका जवळपास हीच होती, आणि तिच्या बळावर एका वर्षाने, १९६१ साली, त्याने तालला तेरा विरुद्ध आठ अशा गुणांनी हरवून पद परत मिळवले. ताल त्या वेळी मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त होता हे खरे. पण बोट्विनिकने काय केले हेही पाहावे. त्याने शक्य तेथे वजिरांची मारामारी लवकर करून घेतली आणि तालला आवडणारा धुरळा उठूच दिला नाही. म्हणजे सत्याचा हा पुजारीदेखील सत्याच्या अनेक वाटांपैकी तालला नकोशी असलेली वाट निवडून गेला. आणि तालचे पुढे काय झाले? प्रकृती कायम साथ सोडून जात असताना या 'जुगाऱ्याने' १९७३-७४ मध्ये लागोपाठ पंचाण्णव डाव अपराजित राहण्याचा विक्रम केला. उच्च स्तरावरचा तो विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. २०१८ साली तो मोडला तो डिंग लिरेनने, म्हणजे ज्याच्या एका चुकीवरून सिंगापूरनंतर इतकी नाके मुरडली गेली त्याच डिंगने.

तालच्या दुसऱ्या टोकाला टिग्रान पेट्रोस्यानला बसवण्याची रीत आहे. युद्धकाळात आई-वडिलांचे छत्र हरपलेला आणि पोटासाठी झाडूकाम केलेला हा तिबिलिसीचा आर्मेनियन मुलगा संकट येण्याआधीच त्याची चाहूल घेत असे. त्याचा खेळ नीरस म्हणून हिणवला गेला. परंतु १९५३ च्या झुरिक स्पर्धेत रेशेव्स्कीविरुद्ध त्याने केलेली पंचविसावी खेळी आठवावी. रेशेव्स्कीची मधली प्यादी पुढे सरकत होती आणि काळ्याचे मोहरे चिरडले जाण्याच्या बेतात होते. पेट्रोस्यानने आपला हत्ती शांतपणे अशा घरात नेऊन ठेवला की जेथे तो शत्रूच्या उंटाला मारता यावा. हत्ती गेला, त्याच्या बदल्यात उंट मिळाला. पण प्यादी अडली आणि काळ्याचा घोडा पटाच्या मध्यावर अढळ बसला. डाव बरोबरीत सुटला. बलिदान हल्ल्यासाठी करतात असेच तोवर लोक मानीत. ते बचावासाठी, आणि तेही काही घडू नये म्हणून करता येते, हे त्या एका खेळीने शिकवले. ताल देत असे तो वादळ उठवण्यासाठी, पेट्रोस्यान देत असे तो वादळ निजवण्यासाठी. देण्याचे धैर्य दोघांचेही सारखेच.

१९७२ सालच्या रेक्याविक सामन्याविषयी इतके लिहिले गेले आहे की त्याची पुनरुक्ती नको. एकच गोष्ट प्रस्तुत विषयापुरती सांगण्याजोगी आहे. आयुष्यभर राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवून डाव सुरू करणाऱ्या फिशरने सहाव्या डावात ती सवय मोडली, आपल्या प्रकृतीला परका समजला जाणारा वजिराच्या बाजूचा डाव मांडला, आणि तो इतका निर्दोष खेळला की हरलेल्या बोरिस स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पास्की निवर्तला तेव्हा अनेकांना त्याच्या एखाद्या डावापेक्षा त्या टाळ्याच आधी आठवल्या.

फिशरने पद सोडल्यावर १९७५ साली ते कार्पोव्हकडे आले. कार्पोव्ह लेनिनग्राड विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा पदवीधर. त्याच्या काटकसरी खेळाशी या पदवीचा संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. १९८४ मध्ये कास्पारोव्हविरुद्ध पहिल्या नऊ डावांतच तो चार विजयांनी पुढे होता. सहा विजय मिळवणारा जिंकणार होता. उतावळा, तापट म्हणून ओळखला जाणारा एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह तेथून बदलला. त्याने डावामागून डाव बरोबरीत सोडवले. अठ्ठेचाळीस डावांपैकी चाळीस बरोबरीचे. फेब्रुवारी १९८५ मध्ये पाच विरुद्ध तीन अशा स्थितीत सामना थांबवण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या नव्या सामन्यात कास्पारोव्ह जिंकला. वाट पाहणे तो कार्पोव्हकडून, कार्पोव्हच्याच विरुद्ध शिकला. शैली ही जन्मजात देणगी असते असे मानणाऱ्यांनी या अठ्ठेचाळीस डावांचा विचार करावा.

आता यंत्राकडे वळू. १९९७ साली 'डीप ब्लू'ने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले आणि माणूस श्रेष्ठ की यंत्र, हा वाद यथावकाश मिटला. आज कोणताही जगज्जेता साध्या दूरध्वनी-संचातील बुद्धिबळ-कार्यक्रमापुढे टिकणार नाही. यामुळे खेळ मरेल अशी भीती तेव्हाही व्यक्त झाली आणि आताही होते. २०१८ साली कार्लसन व कारुआना यांच्यातील बाराच्या बारा संथ डाव बरोबरीत सुटले तेव्हा तर खेळाचा मृत्युलेखच लिहिला गेला. ही भीती यंत्राहून जुनी आहे. बरोबरींमुळे खेळ आटून जाईल असे कापाब्लांकालाही वाटत होते. त्यासाठी त्याने मोठा पट आणि नवे मोहरे सुचवले होते. शंभर वर्षे होत आली, पट चौसष्ट घरांचाच आहे.

कारण यंत्राने उत्तरे दिली तरी ती पटाजवळ नेण्याची परवानगी नाही. २००० साली क्रामनिकने लंडन येथे कास्पारोव्हला एकही डाव जिंकू न देता हरवले ते 'बर्लिन' बचावाच्या जोरावर. वजीर आठव्या खेळीलाच पटावरून जात आणि कास्पारोव्हचे सारे बळ ज्या मधल्या अवस्थेत होते ती अवस्थाच डावात येत नसे. २००८ साली बॉन येथे आनंदने त्याच क्रामनिकला, क्रामनिक जेथे स्वतःला सुरक्षित समजत होता त्या वजिराच्या बाजूच्या डावांत गाठले आणि काळ्या मोहऱ्यांनी तिसरा व पाचवा असे दोन डाव जिंकले. २०२१ साली दुबईत कार्लसनने नेपोम्नियाशीविरुद्ध एकशे छत्तीस खेळ्यांचा डाव खेळला. अजिंक्यपदाच्या इतिहासात इतका लांब डाव दुसरा नाही. अगदी शेवटच्या काही खेळ्यांपर्यंत तोही यंत्राच्या हिशेबाने बरोबरीचाच होता. त्यानंतर नेपोम्नियाशीचा खेळ ढासळला आणि पुढल्या पाच डावांपैकी तीन तो हरला. हे तिन्ही सामने लास्करला परके वाटले नसते.

हा सारा ऊहापोह महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने केवळ करमणुकीचा नाही. १९७४ साली वासंती खाडिलकर यांनी पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे या राज्यातील पहिले ग्रँडमास्टर झाले, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. आता गावोगावी बुद्धिबळाचे वर्ग निघत आहेत, आणि डाव संपताच मुलाच्या हाती यंत्राने काढलेली अचूकतेची टक्केवारी पडते. पालक ती विचारतात. गुणपत्रिकेची सवय असलेल्या समाजाला हे सोयीचे वाटते यात नवल नाही. पण ही टक्केवारी काय मोजते? वीस पाठ केलेल्या खेळ्या करून दोघांनी बरोबरी मान्य केली तर दोघांनाही शंभराच्या जवळपास गुण मिळतात. जो मुलगा अनोळखी स्थितीत शिरतो, चार तास झगडतो, दोनदा चुकतो आणि प्रतिस्पर्ध्याला तीनदा चुकायला लावून जिंकतो, त्याचे गुण कमी भरतात. कठीण प्रश्नपत्रिका स्वतःहून मागून घेणाऱ्याला कमी गुण देणारी ही परीक्षा आहे. अशा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी पुढे कठीण प्रश्न टाळायलाच शिकेल, हे शिक्षकांना निराळे सांगायला नको.

यंत्र वर्गाबाहेर ठेवावे असे कोणी सुचवणार नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. जुन्या डावांतील चुका त्याने दाखवल्या, पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कित्येक भाकडकथा त्याने मोडल्या. प्रश्न क्रमाचा आहे. ताल-बोट्विनिक सामन्याचा सहावा डाव मुलांपुढे मांडावा, एकविसाव्या खेळीनंतर थांबावे, पडदा बंद ठेवावा आणि बोट्विनिकच्या घड्याळात होता तितकाच वेळ देऊन प्रत्येकाला पांढऱ्याच्या बाजूने उत्तर शोधायला सांगावे. काळ्याचा घोडा एफ ४ या घरात येऊन बसला आहे. तो मारायचा की नाही, आणि मारला तर पुढे काय, हे प्रत्येकाने कागदावर लिहून द्यावे. यंत्र काय म्हणते ते कागद गोळा झाल्यावर पाहता येईल.